आपले पाय : दुखणी आणि उपचार

विनयपिटकातील महावग्गात एक सबंध प्रकरण पादत्राणांविषयी आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. चंपा नगरीच्या एका धनाढ्य घराण्यात जन्मलेला सोण कोळिविस हा तरुण भिक्षू झाला. त्याचे तळवे इतके नाजूक होते की त्यांवर लव उगवली होती, असे वर्णन आहे. हा सोण चंक्रमण करू लागला, म्हणजे येरझारा घालीत ध्यान करू लागला, तेव्हा त्याचे पाय फुटले आणि चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारेचा दृष्टान्त दिला. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. हा दृष्टान्त आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकतो. त्यापुढची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. बुद्धांनी सोणाला एकपदरी वहाण वापरण्यास अनुमती दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेण्याचे नाकारले. संघाला मिळणार असेल तर मीही घेईन, असे तो म्हणाला. तेव्हा ती सवलत साऱ्या संघाला मिळाली. पुढे विहाराच्या आवारात वहाण घालू नये असा नियम झाला. पण एका भिक्षूच्या पायाला कुरूप झाले होते आणि इतर भिक्षू त्याला धरून नेत होते, हे पाहून बुद्धांनी नियमात सूट दिली. ज्याचे पाय दुखतात, ज्याच्या पायांना भेगा पडल्या आहेत किंवा ज्याला कुरूप आहे, त्याने वहाण घालावी. पिलिन्दवच्छ नावाच्या भिक्षूचे पाय फुटले होते म्हणून पायाला लावायच्या मलमालाही अनुमती दिल्याची नोंद आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या शास्त्याने भिक्षूच्या पायातील कुरुपाची दखल घेतली, त्याचे आपण उपासक आहोत. तरी आपल्या घरांतून पायाच्या दुखण्याकडे जितके दुर्लक्ष होते तितके दुसऱ्या कोणत्याही दुखण्याकडे होत नसेल. याला इतिहासही कारणीभूत असावा असे आम्हांस वाटते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी कित्येक गावांत सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. पुण्यात पेशवाईच्या काळी अस्पृश्याला आपल्या पावलांनी तुडवलेली धूळ पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे, याची आठवण बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात करून दिली आहे. ज्यांच्या पाऊलखुणाही नकोशा होत्या, त्या माणसांना आपल्या पायांचे कौतुक करण्याची सवय कशी लागणार?

आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते, तेव्हा काउंटरच्या या बाजूने पुष्कळ पाय दिसतात. सुजलेले, फडके बांधलेले, एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात पट्टी असलेले. विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते, "काही नाही हो, दुखत नाही." या उत्तरानेच आम्हांला या विषयाचे वाचन करण्यास व जाणकार डॉक्टरांना प्रश्न विचारण्यास भाग पाडले. त्यातून जे समजले ते असे की, पायाच्या ज्या दुखण्यांनी माणूस हैराण होतो त्यांपैकी बहुतेक साध्या उपायांनी बरी होतात. आणि जे अजिबात दुखत नाही त्यानेच पाय जातो. या लेखात आधी दुखणाऱ्या पायांविषयी आणि मग न दुखणाऱ्या पायांविषयी लिहिले आहे.

दुखणारे पाय

एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही मिळून ५२, म्हणजे शरीरातील एकूण २०६ हाडांपैकी सुमारे चौथा हिस्सा केवळ पावलांत आहे. ही हाडे सपाट रचलेली नसून त्यांची कमान असते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा गेलेला असतो. धनुष्याची दोरी जशी कमान ताणून धरते तसा हा पट्टा पावलाची कमान सांभाळतो. टाचदुखीचे सर्वांत मोठे कारण हा पट्टाच आहे.

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते, दहा-पंधरा पावले चालल्यावर कमी होते, पुन्हा बराच वेळ बसून उठले की तेच, ही याची ओळख. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांना हे दुखणे हमखास होते. मरोळ एमआयडीसी व सीप्झच्या दारांवर बारा-बारा तास उभे राहणारे सुरक्षारक्षक, चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या आपल्या भगिनी, शिक्षक, बसचे वाहक यांना ते चांगले परिचयाचे आहे. वजन वाढलेले असणे, लादीवर अनवाणी वावरणे आणि झिजून कागदासारखी झालेली रबरी चप्पल, ही त्याची नेहमीची कारणे होत.

पुष्कळदा एक्स-रे काढला जातो आणि टाचेच्या हाडाला अणकुचीदार टोक आलेले दिसते. मग "हाड वाढले आहे, ऑपरेशन लागेल" या भीतीने घरातील सर्वांची झोप उडते. वास्तविक असे टोक ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा अनेकांच्या एक्स-रेमध्येही असते. दुखणे त्या हाडाचे नसून ताणलेल्या पट्ट्याचे असते, आणि उपचारही त्या पट्ट्यावरच करायचे असतात. सकाळी उठण्यापूर्वी अंथरुणातच पायाची बोटे हाताने आपल्याकडे ओढून तळवा ताणावा. अर्धा मिनिट धरावे, सोडावे, असे काही वेळा करावे. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच जमिनीवरून न उचलता पोटरी ताणावी. पाण्याची छोटी बाटली फ्रीजमध्ये गोठवून तिच्यावर तळवा मागे-पुढे फिरवावा. घरातही मऊ आणि किंचित उंच टाचेची चप्पल घालावी. हे सर्व नेमाने करणाऱ्या बहुसंख्य लोकांची टाच काही महिन्यांत, फार तर वर्षभरात बरी होते. शस्त्रक्रियेची पाळी क्वचितच येते. टाचेत घ्यायच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, परंतु ते पुन्हापुन्हा घेतल्यास पट्टा तुटण्याचा व टाचेखालची मऊ गादी झिजण्याचा धोका असतो. म्हणून दुसऱ्यांदा इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

घोटा मुरगळणे ही तर मुंबईकरांची नित्याची गोष्ट. खोदून ठेवलेले रस्ते, पेव्हरब्लॉकचे खड्डे, चालत्या लोकलमधून उतरण्याची घाई. पाऊल बहुधा आतल्या बाजूस वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. अशा वेळी आपल्याकडे दोन गोष्टी लगेच होतात. कोणीतरी गरम तेलाने जोरात चोळतो आणि कोणीतरी हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेतो. पहिल्या दोन दिवसांत या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. चोळल्याने आतला रक्तस्राव व सूज वाढते, आणि हाड मोडलेले असेल तर ओढल्याने नुकसान होते. पायाला विश्रांती द्यावी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. क्रेप बँडेज बेताचे घट्ट बांधावे. पाय उशीवर उंच ठेवून पडावे. आंबेहळदीचा लेप लावण्यास आमचा विरोध नाही, मात्र त्यात चुना घालून कातडी भाजून घेऊ नये.

एक्स-रे केव्हा काढावा? कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी काही साध्या कसोट्या प्रसिद्ध केल्या आणि त्या आज जगभर वापरल्या जातात. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच हाडांच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर बोट दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे हवाच. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड हाताला लागते त्यावर, किंवा आतल्या बाजूस कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तरीही काढावा. यातले काही नसेल तर हाड मोडल्याची शक्यता फार कमी. सूज ओसरल्यावर मात्र थांबून चालत नाही. दुखरा पाय टेकून, भिंतीजवळ एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव रोज करावा. हा सराव न केल्यामुळेच तोच घोटा वर्षातून तीनदा मुरगळतो.

पावसाळ्यात चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी, ओलसर होते, खाज सुटते, वास येतो. ही बुरशी आहे. पाय धुऊन बेचके कोरडे करणे हाच निम्मा उपचार. उरलेल्या निम्म्यासाठी क्लोट्रिमाझोलसारखे बुरशीनाशक मलम लागते आणि ते खाज थांबली म्हणून लगेच बंद न करता पुढेही एक-दोन आठवडे लावावे लागते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते व बुरशी आतून पसरते. मिठी नदी आपल्या मरोळवरून वाहते, आणि २६ जुलै २००५ चा प्रलय येथील जुन्या रहिवाशांना सांगावा लागत नाही. अशा पाण्यातून चालताना चिखल्यांच्या किंवा भेगांच्या फटींतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. साचलेल्या पाण्यातून पायाला जखम असताना चालावे लागले, तर ताप येण्याची वाट न पाहता एक-दोन दिवसांत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगावे. प्रतिबंधक गोळ्या तेथे मिळतात.

कुरूप किंवा भोवरी हा आजार नसून तक्रार आहे. चप्पल एका जागी सतत घासते, तेथे शरीर जाड कातडी उभारते. चप्पल न बदलता कुरूप कापणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसत बसणे. ब्लेडने कापू नये. औषधी पट्टीत आम्ल असते, तेव्हा मधुमेह असणाऱ्याने ती लावूच नये. भेगांसाठी रात्री पाय भिजवून, कोरडे करून, व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावून मोजे घालावेत. नखे सरळ कापावीत. कोपरे खोल कोरले की नख मांसात रुतते.

विद्यार्थ्यांसाठी थोडे वेगळे सांगायचे आहे. पोलीस भरतीच्या तयारीसाठी आपल्या वस्त्यांतील मुले-मुली पहाटे धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की सहा महिने न धावलेला मुलगा दुसऱ्या दिवशी काँक्रीटच्या रस्त्यावर पाच किलोमीटर धावतो. परिणामी पावलाच्या लांब हाडांना बारीक तडा जातो. प्रशियाच्या सैन्यातील रंगरुटांत एका डॉक्टरने १८५५ सालीच हे दुखणे पाहिले होते, म्हणून त्याला कवायतीचा अस्थिभंग असेही म्हणतात. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो बरेचदा दिसत नाही. धावताना पावलाच्या वरच्या बाजूस एकाच ठिकाणी दुखत असेल आणि दाबल्यावर तेथेच कळ येत असेल, तर चार ते सहा आठवडे धावणे बंद, हाच उपचार. ते सोसून धावणाऱ्याचे हाड पुरते मोडते आणि भरती हातची जाते. धावण्याचे अंतर दर आठवड्याला थोडे-थोडेच वाढवावे आणि शक्यतो मातीवर धावावे.

सपाट तळवा ही भरतीच्या वैद्यकीय तपासणीत अडवणारी दुसरी गोष्ट. लहान मुलांचे तळवे सपाटच असतात, कमान हळूहळू सहा-सात वर्षांपर्यंत तयार होते. तेव्हा तीन वर्षांच्या बाळाला महागडे बूट घेऊ नयेत. उलट, कर्नाटकातील मणिपाल येथील उदय भास्कर राव व बेंजामिन जोसेफ या अस्थितज्ज्ञांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये दाखवून दिले की, पादत्राणे घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढलेल्या मुलांत केवळ २.८ टक्के होते. पुढून बंद असलेले बूट सर्वांत वाईट ठरले. म्हणून लहान मुलांना घरात व स्वच्छ मैदानात अनवाणी खेळू द्यावे. चवड्यावर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल व पाय दुखत नसेल, तर अशा सपाट तळव्याला उपचार लागत नाहीत.

पाय दुखत असूनही माणसे किती चालू शकतात हे मार्च २०१८ मध्ये आपण मुंबईकरांनी पाहिले. किसान सभेचा मोर्चा ६ मार्चला नाशिकहून निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला आझाद मैदानात पोहोचला. मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर या आपल्या पूर्व उपनगरांतून तो गेला. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, मुलांची गैरसोय नको म्हणून शेवटची मजल शीवच्या सोमय्या मैदानापासून रात्रीच चालली. कातडी सोलून निघालेल्या त्या तळव्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली, आणि मुंबईकरांनी रस्त्यावर उतरून पाणी, अन्न आणि चपला दिल्या. आदिवासी बांधवांच्या त्या पायांना झालेले फोड कसे हाताळावेत, हे लांब चालणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवे. फोडाची कातडी सोलून काढू नये, ती निसर्गाची पट्टी आहे. लहान फोड तसाच झाकावा. मोठा असेल आणि चालताच येत नसेल, तर स्पिरिटने पुसलेल्या नव्या सुईने कडेला छिद्र पाडून पाणी जाऊ द्यावे, कातडी तशीच ठेवावी आणि स्वच्छ पट्टी बांधावी. मधुमेहींनी हा प्रयोग घरी करू नये.

न दुखणारे पाय

मधुमेहींचा उल्लेख वर दोनदा आला, आता तोच मुख्य विषय. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदनांनी ते त्रस्त असत, हे त्यांच्या चरित्रांतून आपण वाचले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर ते आले तेव्हा त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर होता. मधुमेहात रक्तातील वाढलेली साखर वर्षानुवर्षे पायाच्या नसांवर परिणाम करते. काहींना जळजळ, मुंग्या, रात्री झोप उडवणारी कळ असा त्रास होतो. बाकीच्यांना काहीच होत नाही, आणि तेच अधिक घातक. पाय हळूहळू बधिर होतो. चपलेतील खडा, टोचलेला खिळा, गरम पाण्याच्या पिशवीचा चटका, काहीच कळत नाही. त्यातच रक्तपुरवठा कमी झालेला असतो. जखम होते, तिच्यावरच माणूस आठवडाभर चालतो, जंतू हाडापर्यंत पोहोचतात, आणि पाय काळा पडल्यावर घरचे लोक धावाधाव करतात. तेव्हा बोट, पाऊल किंवा गुडघ्याखालचा पाय कापण्यावाचून इलाज राहत नाही. काउंटरवर ऐकलेल्या "काही नाही हो, दुखत नाही" चा अर्थ हा असतो.

वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे, हे वैद्यकशास्त्राला आपल्या देशातील कुष्ठरोग्यांच्या पायांनी शिकवले. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोर येथे काम करीत होते. कुष्ठरोगात मांस आपोआप सडते असा तोवर समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिले की, मांस सडत नाही. नसा मेल्यामुळे रोग्याला दुखत नाही, आणि न दुखल्यामुळे तो जखमेवर चालत राहतो. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मऊ सच्छिद्र रबराच्या चपला वापरात आणल्या. आज मुंबईत मधुमेहींना ज्या 'एम.सी.आर. चपला' घ्यायला सांगतात, त्यांचे मूळ येथे आहे. कुष्ठरोग्यांच्या तळव्याच्या जखमांना पूर्ण प्लास्टर घालून भार काढून घेण्याची पद्धतही पुढे मधुमेहींसाठी जगभर स्वीकारली गेली. जखमेवरचा भार काढला नाही तर कितीही महागडे औषध लावले तरी ती भरत नाही, हे लक्षात घ्यावे. कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात व रोग पूर्ण बरा होतो. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नये.

गावाकडे शेती असणाऱ्यांनी आणखी एक न दुखणारा रोग ओळखून ठेवावा. काटा मोडल्याच्या जागी काही महिन्यांनी गाठ येते, पाऊल हळूहळू सुजते, छिद्रे पडून त्यांतून काळे, पांढरे किंवा लाल कण बाहेर येतात, पण वेदना फारशी नसते. याला 'मदुरा फूट' म्हणतात. नाव मदुराईचे असले तरी त्याचा मूलभूत अभ्यास आपल्या मुंबईत झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी तो बुरशीमुळे होतो हे दाखविले आणि १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. हेच कार्टर 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रांचे चित्रकार, हे पुष्कळ डॉक्टरांनाही ठाऊक नसते! पुढे असे आढळले की काही रोग्यांत कारण बुरशीचे, तर काहींत जिवाणूंचे असते. त्यानुसार औषधे वेगळी, आणि ती महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. लवकर गेल्यास पाय वाचतो.

मधुमेही व्यक्तीच्या पायाची संवेदना घरच्या घरी तपासण्याची एक सोपी रीत इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. ती आमच्या विद्यार्थी वाचकांनी आजच आपल्या आजी-आजोबांवर करून पाहावी. आजीला डोळे मिटून पडायला सांगावे आणि स्पर्श कळला की "उजवा" किंवा "डावा" म्हणायला सांगावे. मग आपल्या तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना एकेकदा हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करावा. दाबू नये, गुदगुल्या करू नयेत, एखादा चुकला तर तोच पुन्हा करू नये. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर पाय धोक्यात आहे असे समजून डॉक्टरांकडे न्यावे. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.

असा पाय असणाऱ्याने रोज रात्री दिव्याखाली तळवे पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा धरावा. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा. पाय शेकू नयेत. पाण्याची उष्णता पायाने नव्हे, हाताच्या कोपराने पाहावी. मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी, कारण बधिर पायातून साधी चप्पल निसटली तरी कळत नाही. चप्पल संध्याकाळी विकत घ्यावी, त्या वेळी पाय किंचित सुजलेले असतात. जखम, लाली किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम व सुजलेला आढळला, तर दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी दाखवावे. तंबाखू व विडी सोडावी, हे वेगळे सांगायला नको. पंचशीलातील पाचव्या शीलाचा पायाशी संबंध आहे तो असा.

जन्मजात वाकडी पावले आणि गमावलेले पाय

मूल जन्मतःच पावले आत वळलेली घेऊन येते तेव्हा आपल्याही काही घरांत अजून "ग्रहण लागले" असे म्हणतात आणि दोष आईच्या माथी मारतात. गरोदर स्त्रीने ग्रहणात भाजी चिरल्याने पाय वाकडा होत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हे बोलणे शोभत नाही. उपचार निश्चित आहे. स्पेनमध्ये जन्मलेले व अमेरिकेत काम केलेले डॉक्टर इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीत जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच पाऊल हाताने थोडे सरळ करून प्लास्टर घालतात. ते दर आठवड्याला बदलतात. पाच-सहा प्लास्टरांनंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागची ताठ शीर लहानशा छेदाने मोकळी करावी लागते. मग दांडीने जोडलेले बूट, पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत फक्त झोपेत. पालक चुकतात ते येथे. पाय सरळ दिसला की बूट बंद करतात आणि पाऊल पुन्हा वळते. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे, म्हणून सरकारी व पालिका रुग्णालयात चौकशी केल्याखेरीज कर्ज काढू नये.

रेल्वे अपघातात वा मधुमेहात पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूट आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास तो तयार केला. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागे आणि मांडी घालून बसता येत नसे. जयपूर फूट घालून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, शेतात उतरता येते. सुधा चंद्रन यांनी तो लावून नृत्य केले. १९८६ चा 'नाचे मयूरी' हा त्यांच्याच जीवनावरचा चित्रपट. शाळा फारशी न शिकलेल्या एका कारागिराचा हात या शोधात डॉक्टरांच्या बरोबरीने होता, ही गोष्ट आपल्या समाजाने विशेष ध्यानात घ्यावी. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत १९५५ पासून कृत्रिम पाय, कॅलिपर व विशेष पादत्राणे देण्याचे काम चालते.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. वैशाख पौर्णिमा मे महिन्याच्या उन्हात येते. विहाराबाहेर चपला काढून तापलेल्या लादीवरून चालत जाताना इतरांचे पाय चटकतात म्हणून ते भराभर उचलले जातात. बधिर पायाचा माणूस सावकाश चालतो आणि रात्री त्याच्या तळव्याला फोड दिसतात. दारापासून आतपर्यंत ओल्या गोणपाटाची पट्टी अंथरावी, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांना स्वच्छ मोजे किंवा केवळ विहारात वापरायच्या वेगळ्या मऊ सपाता घालून वंदनेस बसू द्यावे. कोणी हरकत घेतलीच तर महावग्गातील सूट दाखवावी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्यांनीही अनवाणी चालण्याचा नवस-संकल्प करू नये. जाड तळाची वापरातली चप्पल घालावी, नवी करकरीत नव्हे. रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागते, तेव्हा अधूनमधून टाचा उचलून पोटऱ्या हलवाव्यात. सोबत एक क्रेप बँडेज, चार चिकटपट्ट्या आणि सुक्या मोज्यांचा एक जोड ठेवावा. घरी परतल्यावर पाय साध्या पाण्याने धुवावेत, बेचके पुसावेत आणि ज्या आजी-आजोबांना वाकता येत नाही त्यांचे तळवे नातवंडांनी दिव्याखाली धरून पाहावेत.